उन्हाची मजुरी

सुरतेला वर्षातून दोनदा गच्ची आठवते. एकदा चौदा जानेवारीला पतंगासाठी आणि एकदा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, घारी खाण्यासाठी. पर्वत पाटियाच्या आसपासच्या मराठी घरांना त्यात आणखी एक रात्र जोडून मिळते, कारण तापी लाइनच्या गाडीनं जळगाव-अमळनेर-नंदुरबारकडून इकडे येताना ही मंडळी कोजागिरीचं मसाला दूध सोबत घेऊन आली. दूध चांदण्यात ठेवलं की त्यात काहीतरी उतरतं, ही श्रद्धा तापीच्या दोन्ही टोकांना सारखीच पक्की आहे. काय उतरतं ते कुणी सांगत नाही, पण रक्ताच्या रिपोर्टात ‘डी कमी’ असं आलेली मंडळी हल्ली त्या पातेल्याकडे जरा जास्तच आशेनं बघतात. त्यांच्यासाठी हिशेब असा, की पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पट मंद असतो. म्हणजे एका मिनिटाच्या उन्हाची भरपाई करायची तर तोच पूर्ण चंद्र सलग नऊ महिने डोक्यावर धरून ठेवावा लागेल. नऊ महिने घारी खात बसायला सुरती माणूस तयार होणारच नाही असं नाही. पण त्यातून ड जीवनसत्त्व मिळणार नाही. मिळेल ते निराळंच काही, आणि त्याचा रिपोर्टही निराळा काढावा लागतो.

पण बिचाऱ्या चंद्राला किती बोलायचं? खरा घोळ ताटाचा आहे. जीवनसत्त्व म्हटलं की ‘ते कशात असतं?’ हा प्रश्न आपल्या तोंडी आपोआप येतो. अ गाजरात, क आवळ्यात, मग ड कशात? याला मेडिकलवाल्यापासून मामेसासूबाईंपर्यंत सगळ्यांकडे तयार उत्तर असतं: दूध, तूप, बदाम, नाचणी, खजूर, तीळ. यातली निम्मी यादी कॅल्शियमची आहे आणि उरलेली कौतुकाची. खरं उत्तर असं, की आपल्या ताटात ड जीवनसत्त्व जवळजवळ कशातच नसतं. कळण्याच्या भाकरीत नाही, भरतात नाही, शेवभाजीत नाही, वरण-बट्टीत नाही. आणि नवापूर ओलांडून इकडे आलं की लोच्यात नाही, खमणात नाही, उंधियूतही नाही. माणसाच्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या कुळातलं एक द्रव्य असतं. त्यावर उन्हातले २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पडले की ड तयार व्हायला लागतं. ते चुलीवर होत नाही, अंगावर होतं. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम या शास्त्रज्ञांना ते कॉड माशाच्या यकृताच्या तेलात सापडलं, अ-ब-क ही अक्षरं आधीच गेलेली होती, म्हणून त्यांनी चौथं अक्षर त्याला दिलं. खाण्याच्या वस्तूंच्या हजेरीपटावर नाव एकदा लागलं ते लागलंच. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या लोकांपुरतं बोलायचं तर ते अन्न कधीच नव्हतं. ती उन्हात केलेल्या कामाची मजुरी होती. काम उन्हातून उठलं तशी मजुरी बंद झाली, आणि आता ती थकबाकी आपण स्वयंपाकघराकडून वसूल करायला निघालो आहोत.

वसुली किती होते ते पाहायला हरकत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे, ऊन फारसं लागत नाही असं धरून, मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट लागतात. एका अंड्याच्या बलकात साधारण ४० युनिट असतात. सुरतेत संध्याकाळी लारीवर अंडा घोटाळा मिळतो. उकडलेली अंडी किसून मसाल्यात घोटायची, त्यावर अर्धं कच्चं अंडं फोडायचं आणि तवा खरवडत सगळं एक करायचं. एका प्लेटीत तीन-चार अंडी धरली तर रोज चार-पाच प्लेटी घोटाळा झाला पाहिजे. हिशेब बसेल, पण माणूस आडवा पडेल. दुधाचं म्हणाल तर पिशवीवर निळं अधिक चिन्ह आणि त्याच्या शेजारी ‘एफ’ असं अक्षर आहे का ते बघा. असेल तर सरकारी मानकाप्रमाणे त्यात लिटरमागे २०० ते ३०० युनिट घातलेले असतात. म्हणजे ६०० साठी माणशी दोन ते तीन लिटर दूध, आणि कटिंग चहात पडतं ते दूध या मोजणीत धरू नये. त्याच चिन्हाच्या तेलात ग्रॅममागे ४.४ ते ६.४ युनिट असतात. इथे मात्र सुरतेचा चेहरा खुलतो. दिवसाला शंभर ते एकशे पस्तीस ग्रॅम तेल पोटात गेलं की काम झालं, आणि ते काही मंडळींना रविवारी मुळीच अवघड नाही. तळताना त्यातलं काही उडून जातं एवढीच काय ती अडचण. पूर्वी वनस्पती तुपात अ आणि ड जीवनसत्त्व घालण्याचा सरकारी नियम होता. ज्या पिढीनं डालड्याला आयुष्यभर नावं ठेवली, तिला जे थोडंफार ड ताटातून मिळालं असेल त्यात त्या पिवळ्या डब्याचा वाटा होता, आणि साजूक तुपाचा फार नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी एकच पदार्थ असा आहे जो स्वतः ऊन खाऊन ड तयार करतो, तो म्हणजे अळिंबी, बाजारातलं मशरूम. पण ते अंधारात वाढवतात आणि प्लास्टिकच्या डब्यातून फ्रीजमधूनच विकतात, त्यामुळे त्यात ड नावालाच सापडतं. तेच मशरूम काप करून दुपारच्या उन्हात तासभर पसरलं तर त्यातलं ड कितीतरी वाढतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तेव्हा पौष्टिक सल्ला असा निघतो: मशरूम विकत आणावं, चार जिने चढून गच्चीवर न्यावं, उन्हात मांडावं, आणि आपण पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहून कावळे हाकलावेत. गच्चीपर्यंत गेलेल्या माणसानं मधे मशरूम कशाला घालायचं, असं कुणी विचारत नाही. कारण आपल्याला काहीही मिळवायचं असलं की ते खाऊन मिळवावं असं वाटतं. नुसतं उभं राहून मिळणाऱ्या गोष्टीवर आपला विश्वास बसत नाही.

खानदेशात मात्र हा मधला पदार्थ होताच. चैत्र-वैशाखात धाब्यांवर आणि गच्च्यांवर बिबडे, कुरडया, पापड, सांडगे पसरलेले असत, आणि राखणीला घरातल्या बायका-पोरी. सगळ्यांची समजूत अशी, की ऊन पापडाला देतोय. पापडात वाळण्यापलीकडे काही झालं नाही. जे काही उतरलं ते राखणदारिणींच्या हातापायांत उतरलं. ही नुसती कल्पना नाही. याचा भक्कम पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि तोही मराठी मुलखातला. हचिसन आणि शाह या दोघांनी नाशिकमध्ये मुडदुसाचा अभ्यास केला आणि १९२२ मध्येच, म्हणजे तिकडे मॅकॉलम अक्षर वाटत होते त्याच साली, तो विलायतेतल्या ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. मुडदूस हा गरिबीचा आणि निकस अन्नाचा रोग, असं तेव्हा अनेक डॉक्टरांचं मत होतं. नाशिकनं ते उलटं करून दाखवलं. खात्यापित्या घरांत दूधतुपाची ददात नव्हती, पण बायका पडद्यात आणि तान्ही मुलं अंधाऱ्या खोल्यांत. तिथे मुडदूस होता. ज्या घरांत दुधाचा थेंब मुश्किलीनं दिसे, पण बायका मुलांना घेऊन उघड्यावर कामाला जात, तिथे तो नव्हता. वैद्यकाच्या इतिहासात तुपाचा इतका स्वच्छ पराभव क्वचितच झाला असेल.

‘आमच्या आज्या-पणज्यांनी कुठे गोळ्या खाल्ल्या?’ हा जो आक्षेप प्रत्येक घरगुती चर्चेत ठरलेल्या वेळी येतो, त्याचं उत्तर या नाशिकच्या कागदात आहे. पणज्या दोन प्रकारच्या होत्या. शेतात राबणाऱ्या पणजीला गोळी लागली नाही, कारण रोजची मजुरी रोज चुकती होत होती. माजघरात बसलेल्या पणजीलाही गोळी मिळाली नाही; तिची हाडं दुखली, कंबर बसली, बाळंतपणं अडली, आणि घरच्यांनी त्याला नशीब म्हटलं. ‘पूर्वी हे नव्हतं’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘पूर्वी हे कुणी मोजत नव्हतं’ एवढाच असतो. शिवाय आठवणीत राहते ती नव्वदाव्या वर्षी विहिरीवरून पाणी आणणारी पणजी. चाळिशीत वाकलेली दुसरी आजवर कुणी उदाहरण म्हणून दिलेली नाही.

आता हाच धडा पर्वत पाटियाला लावून बघू. ज्याचा आजा धरणगावकडे कपाशीत उभा असायचा, तो नातू इथे एम्ब्रॉयडरीच्या खात्यात बारा तासांच्या पाळीत उभा असतो. राबणं तेवढंच, घामही तेवढाच, फक्त वर आभाळाच्या जागी ट्यूबलाइट आली. मुळात सुरतेच्या धंद्याचं आणि उन्हाचं हाडवैर आहे. ऊन लागलं की कापडाचा रंग उडतो, म्हणून मार्केटातल्या गाळ्याला खिडकी नसते आणि असली तर तिच्यासमोर ताक्यांची थप्पी असते. हिरा तर दिव्याखालीच घासायचा असतो. आणि घरात बसून धागा कटिंग करणारी बाई बघा. भरतकाम केलेली साडी मांडीवर उलटी पसरलेली, मागच्या बाजूला एका फुलातून दुसऱ्या फुलात गेलेले लोंबते धागे, आणि ते एकेक करून छाटणारी छोटी कात्री. नजर ताणावी लागते म्हणून ती दारात बसते. उजेड हातावर येतो. पण ऊन पायरी चढून वर आलं की ती आत सरकते, कारण साडी शेटची आहे आणि रंग उतरला तर पैसे हिचे कापले जातील. दिवसभर उजेडाच्या शोधात असलेली आणि दिवसभर ऊन चुकवणारी अशी ही जागा, उंबरठ्याच्या आत बरोबर दीड हातावर, पर्वत पाटियातल्या कितीतरी घरांत दाखवता येईल. नाशिकमध्ये जे काम पडद्यानं केलं, ते इथे साडी करते.

हे फक्त गरिबाघरचं नाही. दिल्लीत निरोगी माणसांच्या रक्तातलं ड मोजून २००० साली एक अभ्यास छापला गेला. त्यात सैनिकांचं प्रमाण त्यातल्या त्यात बरं होतं आणि डॉक्टर-परिचारिकांचं त्यांच्याहून बरंच खाली होतं. म्हणजे ‘ऊन घेत जा’ असं चिठ्ठीवर लिहिणारा हात स्वतः कोरडाच होता.

यावर पहिला आणि सगळ्यात जोरकस आक्षेप येतो तो उन्हाच्या बाजूनं. एवढं ऊन असलेल्या देशात ड कमी पडतंच कसं? पडतं, कारण ऊन शहरावर पडतं, माणसावर नाही. आणि जे माणसावर पडतं तेही बऱ्याचदा नको त्या वेळचं. आपल्याकडे ‘कोवळ्या उन्हात’ ड असतं ही श्रद्धा इतकी खोल आहे, की सकाळी सातला बागेत डोळे मिटून बसलेल्या काकांना उठवायचं पाप कुणी करू नये. पण कोवळं ऊन तिरपं येतं, वातावरणाच्या जाड थरातून गाळून येतं, आणि कामाचे किरण त्यात जवळजवळ उरलेलेच नसतात. अनुभवाची खूण अशी, की आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली तर ते ऊन ड देणारं, लांब पडली तर नुसती ऊब देणारं. या बाबतीत सुरतेला निसर्गानं काही कमी केलेलं नाही. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, २२ डिसेंबरच्या आसपास, भर मध्यान्ही इथली सावली माणसाइतकीच असते. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर तर ती पायाखालीच जाते, जुलैत ढग असल्यामुळे दिसत नाही एवढंच. प्रश्न इतकाच, की मे महिन्यात दुपारी पाऊण वाजता सुरतेत उघड्यावर उभं कोण असतं? पार्सल चढवणारा हमाल, हातगाडीवाला आणि ट्रॅफिक पोलीस. त्यांचं ड बहुधा ठीक असेल, म्हणूनच की काय, त्यांचं कुणी तपासत नाही.

बाकीच्यांनी उन्हाविरुद्ध जी तयारी केली आहे तिला दाद द्यावी लागेल. पर्वत पाटियाच्या पुलाखालून जाणाऱ्या एखाद्या ॲक्टिव्हाकडे नीट पाहा. डोळे सोडून तोंडाला आवळलेली ओढणी, त्यावर गॉगल, खांद्यापर्यंत हातमोजे, वरून पांढरा सुती कोट. उन्हाला शिरकाव करायला पायाची बोटं तेवढी उरतात, आणि तिथे अंगठ्याचे मोजे असतात. चारचाकीवाल्याची गोष्ट आणखी गमतीची. काचेतून येणाऱ्या उन्हानं त्याचा उजवा हात काळवंडतो, पण ड देणारे किरण काच अडवते. म्हणजे रंग गेला आणि मजुरीही नाही. गच्चीवर सरळ जावं, तर जिथे बिबडे वाळायचे तिथे आता सोलरच्या पाट्या ऊन खात पडलेल्या असतात.

उन्हावरच भिस्त ठेवायची म्हटली तर किती वेळ लागतो, याचंही उत्तर आहे. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये भारतीय पुरुषांवरचा अभ्यास छापला, त्यात रक्तातलं ड मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या वर राखायला रोज तासाभराहून अधिक दुपारचं ऊन लागतं असं दिसलं. गोऱ्या कातडीवरून काढलेला ‘दहा-पंधरा मिनिटं पुरे’ हा हिशेब सावळ्या कातडीला लागू पडत नाही, कारण आपल्या कातडीतला रंग हीच एक छत्री आहे. त्यात धुरकट हवा असली तर आणखी वजावट. रोज दुपारी तासभर बाही दुमडून उभं राहायला कोणतं मार्केट, कोणतं खातं, कोणती शाळा रजा देते? ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं, फुकट आहे, पण उन्हानं कातडी लाल होईपर्यंत थांबू नये. ज्यांना जमत नाही त्यांनी ‘आपल्याकडे ऊन भरपूर’ हे वाक्य निदान सावलीत बसून म्हणू नये.

उरते गोळी. गोळीविषयी आपल्याकडे दोनच भूमिका असतात: एक संशयाची, दुसरी भक्तीची, आणि एकच माणूस महिन्याभरात दोन्ही घेऊ शकतो. भारतात डॉक्टर सहसा ६०,००० युनिटची गोळी किंवा पावडरची पुडी देतात, आठवड्याला एक, आठ आठवडे. ‘साठ हजारवाली’ हे तिचं बाजारातलं नाव. आकडा ऐकूनच रुग्णाला अर्धं बरं वाटतं. ती रविवारी घ्यायची असं ठरतं, आणि मग तिचं व्रत होतं. दुधाबरोबर, आंघोळ करून, काही घरांत पूर्वेकडे तोंड करून. चार रविवार होतात, पट्टी संपते, गुडघा जरा बरा वाटतो, आणि दुसरी पट्टी आणायची राहते ती राहतेच. आपल्याला व्रत जमतं, नेम जमत नाही. डॉक्टर नंतर महिन्याला एक गोळी चालू ठेवा म्हणतात, म्हणजे दिवसाला २,००० युनिट पडतात. पण ‘बरं झाल्यावर औषध कशाला’ या न्यायानं ती बंद होते. ज्या कारणानं ड कमी झालं होतं, ती खिडकी नसलेली पाळी मात्र चालूच असते.

भक्तीचं दुसरं टोक म्हणजे एकदाच भरपूर घेऊन टाकणं. वर्षाचं धान्य भरतात तसं वर्षाचं ड भरून ठेवण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियात खरोखरच झाला. सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, बाकीच्यांना औषध नसलेली नुसतीच गोळी. २०१० मध्ये निकाल आला तो असा, की ड मिळालेल्या बायका जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. काही जण तर ‘आठवड्याला एक’ हे वाचायचं राहून गेल्यामुळे साठ हजारवाली रोज घेतात. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडावर ताण, आणि माणूस ‘डी घेऊनसुद्धा बरं वाटत नाही’ म्हणून आणखी एक घेतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दिवसाला ४,००० युनिटच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. एक गोष्ट मात्र सुरतेच्या सोयीची. हे जीवनसत्त्व तेला-तुपात विरघळणारं. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये १७ रुग्णांना त्यांची चालू असलेली डची गोळी दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितली, तर दोन-तीन महिन्यांत त्यांच्या रक्तातलं प्रमाण सरासरी निम्म्यानं वाढलं. रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, पथ्य पाळून घेणाऱ्यानं ती वाया घालवू नये. आणि सुरतेत स्निग्ध पदार्थाशिवायचं जेवण शोधायला गेलं तरी सापडायचं नाही.

‘हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे’ असं म्हणणाऱ्यांची बाजू मला पूर्ण चुकीची वाटत नाही. धंदा आहेच, पण तो गोळीपेक्षा तपासणीत जास्त आहे. ड तपासायला जो खर्च येतो त्यात कित्येक महिन्यांच्या गोळ्या येतात. आणि ‘कमी’ म्हणजे किती, यावर तज्ज्ञांचंच एकमत नव्हतं. अमेरिकेतल्या एका संस्थेनं २० नॅनोग्रॅम पुरे म्हटलं, तर अंतःस्रावतज्ज्ञांच्या सोसायटीनं २०११ मध्ये ३० हवेत म्हटलं, आणि मधल्या दहांत कोट्यवधी माणसं एका रात्रीत कमतरतेची झाली. त्याच सोसायटीनं २०२४ मध्ये ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांनी उगाच तपासत बसू नये असं सांगितलं. हे मार्गदर्शन पॅकेजमधल्या ‘फुल बॉडी’ तपासणीपर्यंत पोचायला अजून वेळ आहे.

संशयवाद्यांचा याहून चांगला मुद्दा म्हणजे अमेरिकेतली व्हायटल नावाची मोठी चाचणी. २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून जास्त काळ. कर्करोग टळला नाही, हृदयविकार टळला नाही, २०२२ च्या निकालात हाडं मोडणंही कमी झालं नाही. मग गोळी कशाला? तर त्या चाचणीतल्या बहुतेकांकडे मुळात पुरेसं ड होतं. ज्याची मजुरी वेळेवर जमा होते आहे त्याला आगाऊ रक्कम देऊन काही फरक पडला नाही, यावरून ज्याची थकली आहे त्यालाही देऊ नये असं ठरत नाही. त्या चाचणीनं खरी खोड मोडली ती ड जीवनसत्त्वाच्या भाटांची. केस गळती, उदासी, मधुमेह, वजन, लग्न न जमणं, या सगळ्यावर एकच गोळी चालते असं सांगत फिरणाऱ्यांची. गोळीचं काम साधं आहे: आतड्यातून कॅल्शियम शोषलं जावं आणि हाडांना ते मिळावं. तेवढं तिनं केलं तर बाकीच्या चमत्कारांची मागणी तिच्याकडे करू नये.

सुरतेत एक आक्षेप असा येतो जो मुंबई-पुण्यात फारसा ऐकू येत नाही. गोळी शाकाहारी आहे का? बहुतेक ड-३ मेंढीच्या लोकरीतून काढतात. लोकर धुताना जी चरबी निघते, लॅनोलिन, ती शुद्ध करून तिच्यातल्या एका द्रव्यावर अतिनील दिव्यांचा प्रकाश पाडतात आणि ड तयार होतं. मेंढी कापत नाहीत, भादरतात. तरी कुणाला खटकत असेल, तर यीस्टवर असाच प्रकाश पाडून काढलेलं ड-२ मिळतं, ते थोडं कमी जोमाचं असतं. कॅप्सूलचं वेष्टण जिलेटिनचं नको असेल तर गोळी किंवा पुडी घ्यावी. पण एवढं वाचून बारकाईनं पाहिलं, तर लक्षात येईल की इथेही तेच चाललं आहे. कुणाच्या तरी अंगावरच्या स्निग्ध द्रव्यावर प्रकाश पाडल्याखेरीज हा माल निघतच नाही. साक्रीकडच्या ठेलाऱ्यांबरोबर माळरानावर हिंडणाऱ्या मेंढीला गोळी लागत नाही. ट्यूबलाइटखालच्या माणसासाठी तिच्या भाईबंदांच्या लोकरीतून ती तयार होते.

या सगळ्या वादातून फक्त तान्ही मुलं सुटलेली आहेत. आईच्या दुधात ड फारच थोडं असतं, म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यावेत. बाळ पंचांग बघत नाही, पट्टी संपवून विसरत नाही, लॅनोलिन कोणत्या मेंढीचं असं विचारत नाही. त्याला थेंब पाजण्याचं काम पर्वत पाटियात बहुधा आजीकडे असतं. ती ड्रॉपर उजेडात धरून खुणेपर्यंत मोजते, एक थेंब सांडला तर सुनेला हाक मारते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दिवसाला ८०० युनिट लागतात, म्हणजे बाळाच्या दुप्पट, आणि गेल्या दिवाळीत आणलेली तिची स्वतःची पट्टी फ्रीजच्या दारात तीन गोळ्यांनिशी तशीच आहे. विचारलं तर म्हणते, ‘माझं काय मेलं आता, मला कुठे उन्हात जायचंय!’